मस्कतच्या स्टेकहाऊसमध्ये काशेर

जावई मस्कतला नोकरीला. त्यांनी आम्हाला मोठ्या हॉटेलातल्या स्टेकहाऊसमध्ये नेले. थाट काय विचारू नका! ताटातले लाल पाणी पाहून नातू ओरडला, ‘आजी, रक्त!’ अरे, ते मायोग्लोबिन, स्नायूतला रंग. नर्सला विचार! पण हलाल म्हणजे काशेर नव्हे. शोहेतने कापलेले नाही, मीठ लावून रक्त काढलेले नाही, वर लोण्याचा गोळा! जावयांनी खाल्ले, मी गप्प बसले.

मी कनअद मागवली, म्हणजे आपली सुरमई. डेविड राहाबीने आपल्या पूर्वजांना मासळीवरूनच ओळखले, असे सांगतात ना? पण जाळी मांसाचीच. म्हणून फॉइलमध्ये दोनदा गुंडाळून ओव्हनमध्ये भाजून घेतली. वेटर केरळचा, लगेच समजला. अर्धी नातवानेच संपवली.