भट्टीत जन्मलेला निळा

कोकणात राजपुरी खाडीच्या मुखाशी असलेल्या दिघी बंदराचे नाव २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांच्या यादीत आले. उद्योग येतील तसे पत्र्याचे शेड, टाक्या आणि प्लास्टिकचे क्रेटही वाढतील. त्यांतले बरेचसे निळे असतील. कोकणातले ऊन आणि खारा वारा सोसून टिकणारा निळा कोणता, हे आधीच समजून घेतलेले बरे. माझ्या मते पहिला मान कोबाल्ट ब्लूचा.

रंग कसा तयार होतो

बारावीच्या प्रयोगशाळेत अनेकांनी हा रंग स्वतः केलेला असतो. ॲल्युमिनियमच्या क्षाराची पांढरी राख, तिच्यावर कोबाल्ट नायट्रेटचा थेंब आणि पुन्हा कडक आच. कोळशाच्या खळग्यात निळा ठिपका उमटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई झाक थेनार याने १८०२ मध्ये याच वाटेने हे रंगद्रव्य सिद्ध केले. कारखान्यात कोबाल्ट आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. एक कोबाल्ट, दोन ॲल्युमिनियम आणि चार ऑक्सिजन अशी घट्ट स्फटिकरचना तयार होते. तिच्यातला कोबाल्ट प्रकाशातला पिवळा-तांबडा भाग शोषतो, म्हणून आपल्याला निळे दिसते. एवढ्या आचेत घडलेला पदार्थ पुढे पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या कारखान्यातल्या उष्णतेला दाद देत नाही. आम्ल, अल्कली आणि ऊन यांनाही तो पुरून उरतो.

बाकीचे निळे

कपड्यांच्या निळीतले अल्ट्रामरिन उष्णता बऱ्यापैकी सोसते, पण आम्ल लागले की विरते. प्रशियन ब्लू ताज्या चुन्याच्या भिंतीवर टिकत नाही. थॅलो ब्लू स्वस्त आणि गडद, म्हणून बाजारात सर्वाधिक चालतो. मात्र तो सेंद्रिय आहे, आणि त्याची अडचण प्लास्टिकच्या क्रेटमध्ये दिसते.

क्रेट का वाकतो

मासळीचे क्रेट बहुधा एचडीपीई या प्लास्टिकचे असतात. वितळलेले प्लास्टिक साच्यात थंड होताना त्यात स्फटिक बनतात. थॅलो ब्लूचे कण या स्फटिकांसाठी बीजासारखे काम करतात. त्यामुळे प्लास्टिक एका दिशेने जास्त, दुसऱ्या दिशेने कमी आकसते. तळ फुगतो, कडा वाकतात, एकावर एक ठेवलेले क्रेट डगमगतात. बर्फ आणि मासळीने भरलेली थप्पी धक्क्यावर कलली तर नुकसान कोळ्याचेच. कोबाल्ट ब्लूने असे आकसणे फारसे होत नाही. रंग निवडताना नुसती छटा पाहणे म्हणूनच चुकीचे.

पत्रे आणि टाइल

टाइल, चिनी माती आणि एनॅमलच्या भांड्यांत तर कोबाल्ट ब्लूला पर्याय कमीच. पत्र्यावरचा रंग भट्टीत पक्का करतात, तिथेही तो उतरत नाही. सूर्याच्या अवरक्त किरणांचा काही भाग तो परतवतो, म्हणून थंड छपरांच्या रंगांत वापरतात. या कामात २००९ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन स्टेट विद्यापीठात मास सुब्रमण्यन यांच्या गटाला सापडलेला यिनमिन ब्लू सरस आहे, पण त्यातले इंडियम महाग पडते.

किंमत आणि काळजी

कोबाल्टही स्वस्त नाही. जगातला बहुतेक काँगोच्या खाणींतून येतो. त्यामुळे चार दिवसांच्या फलकासाठी हा रंग वापरणे उधळपट्टीच. प्लास्टिकमध्ये किंवा काचेत बसला की तो सहसा बाहेर येत नाही, पण कोरडी पूड मिसळणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसाला कोबाल्टची धूळ घातक ठरू शकते. तिथे धूळ ओढणारी यंत्रणा आणि मास्क हवेच. खरेदी करताना डब्यावर ‘पिगमेंट ब्लू २८’ लिहिले आहे का, ते पाहावे. ‘कोबाल्ट’ हे नाव निव्वळ छटेसाठीही छापतात.