फावल्या वेळाचे मोजमाप

पक्षाघातातून वाचलेल्या इसमाचा हात किती वळतो, आधाराविना त्याला किती पावले टाकता येतात, घास स्वतःच्या हाताने तोंडाशी नेता येतो की नाही, याची चोख नोंद रुग्णालयाच्या दप्तरी होत असते. परंतु हाच इसम आजारापूर्वी सायंकाळी काय करीत असे, कोणाच्या सहवासात त्याचे मन रमे, आणि घरी परतल्यावर उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा रिकामा वेळ तो कशाने भरणार आहे, या बाबींचा तपशील त्या दप्तरात बहुधा आढळत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम ज्या व्यवसायाने अंगावर घेतले, तो रंजनोपचार. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतून त्याला बळ मिळाले, १९६६ साली त्याच्या व्यावसायिकांची एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि १९८१ साली उपचारकांना प्रमाणपत्र देणारे मंडळ स्थापन झाले. खेळ, संगीत, बागकाम, हस्तकला, सहली यांची योजना अशा हेतूने करावयाची की त्यांच्या द्वारे रुग्णाला त्याची गमावलेली शक्ती, संगतसोबत आणि आत्मविश्वास परत मिळावा, हे त्याचे ब्रीद.

उपचार म्हटला की आधी परीक्षण आणि शेवटी फलाची पडताळणी ही ओघानेच आली. रंजनाच्या क्षेत्रात मात्र हजेरीपटावर काम भागविण्याचा मोह फार मोठा असतो, कारण गाण्याच्या कार्यक्रमास किती जण आले हे मोजणे सोपे. पण चाकांच्या खुर्चीतून आणून बसविलेल्या आणि डोळे मिटून वेळ कंठणाऱ्या वृद्धाचे नावही त्या पटावर हजर म्हणूनच लागते. आणि जो खिडकीशी एकटाच बसून तन्मयतेने ते गाणे ऐकतो, तो गैरहजर ठरतो. या हिशेबाने रुग्णाचे काहीच कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी जाणाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ जॉन न्यूलिंगर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, फुरसत घड्याळावरून ठरत नाही. आपण ही गोष्ट स्वेच्छेने करीत आहोत, ही करणाऱ्याची जाणीव हाच तिचा प्राण होय. याच स्वातंत्र्यभावनेला मापाच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न पीटर विट आणि गॅरी एलिस यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी टेक्सासमध्ये केला. त्यांच्या 'लेझर डायग्नॉस्टिक बॅटरी' या कसोटीसंचात आपल्या कौशल्याविषयी माणसाला वाटणारी खात्री, घडणाऱ्या गोष्टींवर आपला ताबा आहे ही भावना, गरजांची तृप्ती, तल्लीनता आणि खेळकर वृत्ती अशा पाच अंगांनी विचारणा होते, आणि शिवाय वाटेतील अडथळे कोणते, हेही निराळे पाहिले जाते. या भेदाचे महत्त्व व्यवहारात तत्काळ दिसते. दोन रुग्ण सारखेच घरात बसून असले, पण त्यांपैकी एकाला आता आपल्याच्याने काही होणार नाही असे वाटत असले, आणि दुसऱ्याची उमेद शाबूत असून केवळ नेणारे कोणी नसल्याने तो अडला असला, तर पहिल्याला यश लवकर हाती लागेल अशी सोपी कामे द्यावी लागतील आणि दुसऱ्याच्या बाबतीत वाहनाची व सोबतीची तजवीज केली की निम्मे कार्य झाले.

सर्वच रुग्णांना विचारून उत्तर मिळते असे नाही. तीव्र मनोविकाराने ग्रासलेल्यांसाठी १९७५ साली पुढे आलेल्या 'सर्ट-सायक' या श्रेणीत म्हणूनच प्रश्नावलीऐवजी निरीक्षणावर भिस्त ठेवलेली आहे. रुग्ण एकटा असताना कसा वागतो आणि समूहात कसा, याची उपचारक श्रेणीवार नोंद करतो. पुनर्वसनाच्या विभागांत सर्वपरिचित झालेले 'फिम' हे रुग्णाच्या स्वावलंबनाचे माप १८ बाबींचे असून प्रत्येक बाबीस १ ते ७ गुण असतात. पूर्ण परावलंबी रुग्णाचे १८, तर पूर्ण स्वावलंबी रुग्णाचे १२६. कॅनडात क्लोसेक आणि क्रिली यांनी तयार केलेल्या 'लेझर कॉम्पिटन्स मेझर'ने याच सात पायऱ्या उचलून त्या फुरसतीविषयीची जाण, वृत्ती, कौशल्ये आणि लोकांत मिसळण्याची पात्रता यांना लावल्या.

अशा आकड्यांच्या बाबतीत हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली 'सायन्स' नियतकालिकात केलेला भेद उपचारकाने नित्य ध्यानी धरावा. काही आकडे केवळ नावाचे काम करतात, काही क्रम सांगतात, काहींत समान अंतर असते आणि काहींत खरे शून्य असते. सात पायऱ्यांचे माप हे क्रमाचे. देवळाच्या जुन्या दगडी पायऱ्यांप्रमाणे त्यांतली प्रत्येक उंचीने सारखी असेलच असे नाही. एकावरून दोनवर येण्यास रुग्णाला जे कष्ट पडले, तेच सहावरून सातवर येण्यास पडले असे म्हणता येत नाही. आणि अनेक बाबींची बेरीज करून ती तेवढीच कागदावर ठेवली, तर ज्याचे शरीर सावरले पण स्मृती ढळली तो, आणि ज्याची बुद्धी तल्लख पण पाय निकामी तो, असे दोघे एकाच आकड्यात लपून जातात. म्हणून बेरजेइतकाच तिच्यामागचा तपशीलही जपून ठेवावा.

मापाच्या विश्वसनीयतेची परीक्षा तुलनेने सोपी आहे. एकाच रुग्णाची दोन उपचारकांनी स्वतंत्रपणे नोंद करावी आणि दोहोंची रुजवात घालावी; निव्वळ योगायोगाने किती जुळले असते ते वजा करून मेळ काढण्याचे गणित जेकब कोहेन यांनी १९६० सालीच देऊन ठेवले आहे. यथार्थतेची परीक्षा अवघड. बारीक अक्षरांतली लांबलचक प्रश्नावली थकलेल्या वृद्धापुढे ठेवली, तर ती त्याच्या आवडीऐवजी त्याची दृष्टी, साक्षरता आणि चिकाटीच मोजीत असते. अनास्थेचेही तसेच आहे. वृद्धांतील खिन्नता ओळखण्यासाठी येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या ३० प्रश्नांच्या श्रेणीत आपले उद्योग व आवडी सुटल्या काय, हाही एक प्रश्न आहे. तेव्हा 'रस नाही' हे रुग्णाचे उत्तर त्याची खरी निवड मानावी की आजाराचे लक्षण, याचा निर्णय एका कागदावरून करू नये.

मला स्वतःला या सर्व साधनांत अत्यंत मोलाचे वाटते ते एक सरकारी पत्रक. १९८७च्या कायद्यान्वये अमेरिकेतील शुश्रूषागृहांना रहिवाशांचे ठरीव परीक्षण बंधनकारक झाले, आणि ऑक्टोबर २०१० पासून अमलात आलेल्या त्याच्या आवृत्तीत खुद्द रहिवाशाची मुलाखत घेऊन त्याच्या पसंतीविषयी १६ प्रश्न विचारले जाऊ लागले. कपडे स्वतः निवडणे, झोपण्याची वेळ ठरविणे, फोनवर एकांतात बोलणे, आवडते संगीत ऐकणे, हवा चांगली असता बाहेर जाणे, धर्मकार्यात भाग घेणे, हे सारे आपल्याला किती महत्त्वाचे वाटते, असे ते प्रश्न आहेत. फार महत्त्वाचे, काहीसे, फारसे नाही, मुळीच नाही, अशी चार उत्तरे कोणीही कल्पिली असती. परंतु पत्रक करणाऱ्यांनी पाचवेही ठेवले: महत्त्वाचे आहे, पण करता येत नाही किंवा मला ती मुभा नाही. ज्या कारभारात सारी पत्रके संस्थेच्या सोयीने आखली जातात, तेथे रहिवाशाच्या या कैफियतीला स्वतंत्र रकाना मिळावा, ही मला मोठी माणुसकीची गोष्ट वाटते. रहिवाशाला बोलता येत नसेल तरच कुटुंबीयांना विचारावयाचे, आणि तेही शक्य नसेल तर सेवकांनी निरीक्षणावरून भरावयाचे, हा क्रमही तितकाच विचारपूर्वक ठरविलेला आहे. दुभाष्याची गरज आहे काय, हेही त्या पत्रकात विचारले जाते, आणि मुलांपाठोपाठ तिकडे गेलेल्या मराठी आईवडिलांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नव्हे.

आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले, आणि त्या परंपरेत रुग्णाच्या रंजनाचाही विचार होत आला आहे. परंतु मापे बाहेरून आणताना सावधगिरी हवी. हरियाणातील बल्लभगड येथे ग्रामीण व बहुतांशी निरक्षर वृद्धांची बौद्धिक क्षमता तपासताना संशोधकांना हा अनुभव आला. मूळ अमेरिकी कसोटीतील लिखित आज्ञा वाचून ती पाळण्याचा प्रश्न तेथे निरर्थक होता, तेव्हा परीक्षकाने स्वतः डोळे मिटावयाचे आणि वृद्धाने पाहून तसेच करावयाचे, असा पर्याय त्यांनी योजला. १९९५ साली प्रसिद्ध झालेली ती हिंदी कसोटी हा या विषयातला उत्तम पाठ आहे. आवडीनिवडींच्या यादीत तर हा प्रश्न अधिकच बिकट, कारण बोलिंग आणि गोल्फ यांच्या जागी भजन, भिशी, पत्ते, कीर्तन, अंगणातली तुळस अशी नावे घालून भागत नाही. आयुष्यभर घरकामात बुडालेल्या स्त्रीला 'तुमचा फावला वेळ' म्हटल्याने काही उमजेल काय, सुनेदेखत ती खरे सांगेल काय, आणि चार जणींबरोबर शेंगा फोडीत बसण्यातला तिचा आनंद काम म्हणून नोंदवावा की रंजन म्हणून, हे आधी ठरवावे लागेल. त्यासाठी प्रथम अशा स्त्रियांशी दीर्घ संभाषणे करून त्यांच्याच तोंडच्या शब्दांत प्रश्नांचा मसुदा तयार करावा लागेल, तो काही रुग्णांवर अजमावून पाहावा लागेल, दोन परीक्षकांच्या नोंदी जुळतात की नाही हे पडताळावे लागेल, आणि थोड्या दिवसांनी त्याच स्त्रियांना तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरे टिकतात काय, हे पाहावे लागेल.