जुनी गाडी घेताय? आरसीवर गाडीची प्रकृती लिहिलेली नसते

जुन्या मोटारीचा व्यवहार साधारणपणे असा पार पडतो. जाहिरात पाहून ग्राहक येतो, गाडीतून एक फेरी मारतो, किमतीवरून थोडी घासाघीस होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘कागदपत्रे क्लिअर आहेत ना?’ विक्रेता प्लास्टिकच्या पाकिटातून आरसी, विमा आणि पीयूसी काढून समोर ठेवतो. तिन्ही कागदांची मुदत शिल्लक असली की गाडीही ठीकच असणार, असे गृहीत धरून पैसे मोजले जातात.

प्रत्यक्षात गाडीचे ब्रेक नीट लागतात की नाही, हे या तिन्हींपैकी एकही कागद सांगत नाही. आरसी गाडी कोणाच्या नावावर आहे ते सांगते, विमा नुकसानीची जबाबदारी कोणाची ते सांगतो आणि पीयूसी तपासणीच्या दिवशी धूर मर्यादेत होता एवढेच सांगते. गाडी रस्त्यावर चालविण्यास योग्य आहे का, या प्रश्नाचे सरकारी उत्तर खासगी मोटारीला तिच्या आयुष्यात फारच क्वचित मिळते.

पहिली पंधरा वर्षे तपासणीविना

नव्या गाडीच्या नोंदणीसाठी लागणाऱ्या कागदांमध्ये ‘नमुना २२’ असतो. गाडी सुरक्षेच्या व प्रदूषणाच्या मानकांनुसार बनविलेली असून रस्त्यावर चालविण्यास योग्य आहे, असे प्रमाणपत्र उत्पादक कंपनी त्यात देते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अधिकृत वितरकाने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजेच आरटीओत, नेऊन दाखविण्याची गरज उरलेली नाही.

खासगी मोटारीची ही नोंदणी पंधरा वर्षे टिकते. या काळात गाडी चार वेळा विकली गेली, तरी त्याच राज्यातील हस्तांतरणासाठी तिची यांत्रिक तपासणी सक्तीची नाही. टॅक्सी, रिक्षा, ट्रक आणि बस यांचे तसे नाही. त्यांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पहिली आठ वर्षे ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. आरटीओच्या भाषेत यालाच ‘पासिंग’ म्हणतात.

इतर देशांत खासगी गाडीलाही ही सवलत नाही. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. जर्मनी आणि जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी असते. त्यामुळे तेथे जुनी गाडी घेणाऱ्याच्या हाती ताजा तपासणी अहवाल पडतो. आपल्याकडे ती तपासणी ग्राहकाने स्वतःच करून घ्यावी लागते.

पंधराव्या वर्षीची परीक्षा

पंधरा वर्षे पूर्ण होताना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ‘नमुना २५’ मध्ये अर्ज करावा लागतो. मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून तो करता येतो. या वेळी मात्र गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. मोटार वाहन निरीक्षक चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट यांची तपासणी होते. गाडीत त्रुटी आढळल्यास त्या दुरुस्त करून ती पुन्हा आणावी लागते. गाडी योग्य ठरली की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते.

या नूतनीकरणाचा खर्च आता किरकोळ राहिलेला नाही. मोटारीसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून पाच हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. म्हणून जुनी गाडी घेताना किमतीइतकीच तिच्या पहिल्या नोंदणीची तारीख महत्त्वाची असते. जून २०१२ मध्ये नोंदलेल्या गाडीची मुदत जून २०२७ मध्ये संपते. तिची किंमत ठरविताना हे शुल्क, कर आणि तपासणीपूर्वीची दुरुस्ती यांचा हिशेब धरला नाही, तर स्वस्तात मिळालेली गाडी लवकरच महागात पडते.

मुदत संपलेल्या आरसीवर गाडी चालविणे दंडास पात्र आहेच, शिवाय विम्याचाही प्रश्न उभा राहतो. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावरही रस्त्यावर असलेल्या एका गाडीला अपघात झाला होता. त्या प्रकरणात, नोंदणी नसताना वाहन चालविणे हा विमा कराराच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आणि गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली.

विकणाऱ्याच्या गळ्यातील फास

गाडी विकून पैसे मिळाले की आपला संबंध संपला, असे विक्रेत्यास वाटते. कायद्यास तसे वाटत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार ज्याच्या नावे नोंदणी, तो मालक. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली, पण आरसीवर पहिलेच नाव राहिले, अशा एका प्रकरणात २००९ मध्ये अपघात झाला. गाडी आपण केव्हाच विकली होती, हा नोंदणीकृत मालकाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अमान्य केला आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. अपघातग्रस्तांनी गाडीच्या एकामागून एक झालेल्या मालकांचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, ही त्यामागील भूमिका होती.

हे टाळण्याचा मार्ग कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. विक्रीची माहिती विक्रेत्याने ‘नमुना २९’ मध्ये चौदा दिवसांच्या आत आरटीओला द्यायची आणि ग्राहकाने ‘नमुना ३०’ मध्ये तीस दिवसांच्या आत हस्तांतरणाचा अर्ज करायचा. व्यवहारात मात्र दोन्ही नमुन्यांवर सह्या करून ते ग्राहकाच्या किंवा एजंटाच्या हाती सोपविले जातात आणि पुढे काय झाले हे विक्रेता पाहत नाही. तारीख न घातलेले, कोऱ्या जागांचे नमुने सही करून देणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती कोरा धनादेश देण्यासारखे आहे.

गाडी दलालामार्फत विकली जात असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून आणखी एक सोय उपलब्ध आहे. परिवहन खात्याकडून अधिकारपत्र मिळालेल्या वाहन विक्रेत्याकडे गाडी सोपविताना ‘नमुना २९ सी’ भरून ऑनलाइन सूचना देता येते. त्यानंतर पुढील ग्राहक मिळेपर्यंत त्या गाडीची जबाबदारी त्या विक्रेत्यावर येते. समोरच्या दुकानदाराकडे असे अधिकारपत्र आहे का, हे गाडी ताब्यात देण्यापूर्वीच विचारावे.

कर्ज, चलान आणि परराज्यातील गाडी

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. हप्ते फिटले तरी तो आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र व ‘नमुना ३५’ आरटीओत द्यावा लागतो. थकलेली ई-चलानेही गाडीच्या क्रमांकाला चिकटून राहतात. ‘एम-परिवहन’ अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, विम्याची व पीयूसीची मुदत ताडून पाहता येते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बंधनकारक आहे. ती नसल्यास हस्तांतरणाचे काम अडू शकते.

दुसऱ्या राज्यातील गाडी स्वस्त दिसते, पण तिला मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना २८’, लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. हे सारे मिळवले की स्वस्ताईचा बराचसा भाग संपून जातो.

मेकॅनिकची फी वाया जात नाही

सरकारी तपासणी नसेल, तर विश्वासातील मेकॅनिककडून गाडी तपासून घेणे हाच उपाय उरतो. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. चेसिसला गंज आहे का, कोठे नव्याने वेल्डिंग केले आहे का, इंजिन वा गिअरबॉक्समधून तेल गळते का, हे तेथेच कळते. पुढचे टायर एका बाजूने जास्त झिजले असतील, तर त्याचे कारण शोधावे. आकडा कमी किलोमीटर दाखवत असेल आणि क्लच, ब्रेकचे पेडल व स्टिअरिंग मात्र गुळगुळीत झाले असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. सर्व्हिसिंगच्या जुन्या नोंदी मागून घ्याव्यात.

पुरात बुडालेल्या गाड्यांपासून विशेष सावध राहावे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबई परिसरातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि त्यानंतरही राज्याने मोठे पूर पाहिले आहेत. अशी गाडी धुऊन-पुसून नवी दिसते. पण गालिच्याखालची माती, सीटच्या रुळांवरील गंज आणि डिकीतील कुबट वास सहसा लपत नाहीत.

व्यवहारापूर्वी हे पाहावे

* चेसिस व इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः जुळवून पाहावेत.
* नोंदणीची मुदत केव्हा संपते, ते पाहून किंमत ठरवावी.
* गाडी ताब्यात देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पोच दोघांच्या सहीने करावी, विक्रेत्याने तिची प्रत ठेवावी.
* विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी ग्राहकाने चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण त्याशिवाय मिळत नाही.
* आरसीवरील नाव बदलले की नाही, याची विक्रेत्याने महिनाभराने खात्री करावी.

आरसीवर नाव चढले की व्यवहार पुरा झाला, असे मानण्याची रीत आहे. पण घाटाच्या उतारावर कागद कामास येत नाहीत, ब्रेक येतात. म्हणून पैसे देण्यापूर्वीचा एक तास कागदांसाठी आणि एक तास गाडीखाली घालविणे हेच ग्राहकाच्या हिताचे आहे.