पुलापलीकडचे बेट

स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या बाह्य हेब्रिडीज द्वीपसमूहातील स्कॅल्पे हे जेमतेम साडेसहा चौरस किलोमीटरचे बेट १९९७ मध्ये पुलाने शेजारच्या हॅरिसशी जोडले गेले, आणि तोवर फेरीबोटीच्या वेळापत्रकाने व समुद्राच्या मर्जीने चालणारी येथील ये-जा रात्रीअपरात्रीही सुरू झाली. बेटावरील माणसांची गळती थांबावी ही अशा पुलांमागची एक उघड अपेक्षा असते. परंतु १९९१ च्या जनगणनेत ३८२ असलेली स्कॅल्पेची लोकसंख्या २००१ मध्ये ३२२ आणि २०११ मध्ये २९१ वर आली.

यावरून पुलानेच बेट ओस पाडले असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण ज्या हेरिंग माशांच्या मासेमारीवर येथील वस्ती वाढली, तो व्यवसाय पूल होण्यापूर्वीच ओसरला होता. पुलाने केले ते एवढेच, की राहण्याची जागा आणि नोकरी, शाळा व बाजार यांची जागा एकमेकींपासून सुट्या केल्या. दुसरीकडे जाणे त्रासाचे असते तोवर बेटावरच्या दुकानाला गिऱ्हाईक आपोआप मिळते. रस्ता होताच त्याच दुकानाला मोठ्या गावातील भावांशी आणि मालाशी स्पर्धा करावी लागते. मुलांची संख्या घटत गेली तशी पुढे स्कॅल्पेची शाळाही बंद पडली, आणि ती बंद करण्याचा निर्णय पुलामुळे प्रशासनाला सोपा झाला असणार, हे वेगळे सांगायला नको.

त्याच द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला व्हॅटर्से बेट आहे. येथील बरेच जण क्रॉफ्टवर, म्हणजे कायद्याचे संरक्षण असलेल्या कुळाच्या लहानशा जमिनीवर, जनावरे पाळतात आणि जोडीला अन्य कामे करतात. विक्रीची गुरे पूर्वी बोटीमागून पोहत शेजारच्या बार्रा बेटावर न्यावी लागत. १९८६ मध्ये एक जातिवंत वळू मधल्या सामुद्रधुनीत बुडाला, त्याचा बराच गाजावाजा झाला आणि १९९१ मध्ये बार्राला जोडणारा कॉजवे, म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेला रस्ता, पूर्ण झाला. माणसांच्या हालांपेक्षा एका वळूचे मरण अधिक परिणामकारक ठरावे, हे सरकारी कामकाजाच्या रीतीला धरूनच झाले. व्हॅटर्सेची लोकसंख्या २००१ मध्ये ९४ व २०११ मध्ये ९० होती. म्हणजे या दहा वर्षांत येथे वाढ नसली तरी वस्ती बव्हंशी टिकली.

याउलट, आकाराने कितीतरी मोठ्या असलेल्या स्काय बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल १९९५ मध्ये झाला, आणि त्यावरील टोलविरुद्ध स्थानिकांनी चिवट आंदोलन केल्यानंतर २००४ च्या अखेरीस तो टोल रद्द झाला. तेथील लोकसंख्या १९९१ मधील ८,८६८ वरून २०११ मध्ये १०,००८ झाली. मात्र बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांमुळे तिची वाढ पुलाच्या आधीच सुरू झाली होती आणि गेलिक भाषेचे महाविद्यालयही १९७३ पासून तेथे उभे होते. पुलानंतरच्या काळात पर्यटन वाढत गेले, घरे पर्यटकांना भाड्याने देणे किफायतशीर ठरू लागले, आणि आता स्कायवर नोकरी मिळणाऱ्या तरुणाला परवडेल असे घर शोधणे हीच अडचण होऊन बसली आहे.