शांत पाण्यावर उभे राहताना

ऑक्टोबर संपत आला की मस्कतची हवा जरा माणसात येते. घरातले एसी बंद होतात, बाल्कनीत चहा घेता येतो आणि शुक्रवार-शनिवारच्या सहलींचे बेत शिजू लागतात. कंतब, बंदर जिस्सा, यिती, सिफा ही नावे पुन्हा घराघरांत ऐकू येतात. अलीकडे या सहलींना थालीपिठांचा डबा आणि मुलांची क्रिकेटची बॅट यांच्या जोडीला आणखी एक वस्तू गाडीत येऊन बसली आहे: हवा भरायचा पॅडलबोर्ड. दहा-अकरा फूट लांब फळी, तिच्यावर उभे राहायचे आणि लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने पाणी कापत जायचे. खेळ एवढाच. हवाई बेटांवरून तो गेल्या पंचवीसेक वर्षांत जगभर पसरला. ओमानला मात्र असली हलकी होडी नवी नाही. बातिना किनाऱ्यावरचे मच्छीमार खजुराच्या झावळ्यांच्या दांड्या बांधून केलेली ‘शाशा’ पिढ्यान्‌पिढ्या वल्हवत आले.

खेळ सोपा आहे, वयाची अट नाही, पोटाचा आणि पाठीचा छान व्यायाम होतो. तेव्हा जरूर शिका. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या. किनाऱ्यावर उभे राहून आपण म्हणतो, “लाटा नाहीत, तळ्यासारखं पाणी आहे, मग भीती कसली?” पण शांत पाण्यावर भीती लाटेची नसतेच मुळी, ती असते वाऱ्याची.

भूगोलातले खारे आणि मतलई वारे

शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? दिवसा जमीन तापते, तेव्हा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिलेले ते उत्तर इथे थेट उपयोगी पडते.

सकाळी आपण किनाऱ्यावर पोचतो, तेव्हा मतलई वारा अजून असू शकतो. मस्कतजवळच्या खाड्यांना डोंगराची भिंत असल्यामुळे काठाजवळ तो जाणवतच नाही. पाणी आरशासारखे दिसते. पण डोंगराचा आडोसा संपला की तोच वारा पाठीवर बसतो आणि अलगद बाहेर ढकलतो. आपल्याला वाटते, “वा, काय छान जमतंय!” वळल्यावर कळते की किनारा लांब गेला आहे आणि उभ्या माणसाचे अंग म्हणजे चक्क शीड झाले आहे.

म्हणून नियम असा: पाण्यात उतरण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते उभे राहून झेंडे, झाडे, नांगरलेल्या होड्यांची तोंडे पाहा. वारा समुद्राकडे जात असेल, तर छातीएवढ्या पाण्यात, किनाऱ्याला समांतरच फिरा. वारा जोराचा असेल, तर उतरूच नका. वारा किनाऱ्याला समांतर असेल, तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकून परतताना तो मदत करील. दुपारचा खारा वारा निदान किनाऱ्याकडे आणतो, पण पाणी खवळवतो. नवशिक्याने त्याआधी बाहेर यावे.

भरती-ओहोटीचेही तसेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशेब आपल्या आजोबांना तोंडपाठ असे. पण तो हिशेब तिकडच्या किनाऱ्याचा, मस्कतला तो लावू नका. इथल्या बंदराचे वेळापत्रक पाहा. बंदर खैरानसारख्या ठिकाणी अरुंद तोंडातून ओहोटीचे पाणी जोरात बाहेर जाते, तेव्हा त्या तोंडाच्या आतच राहावे.

पहिला धडा पडण्याचा

उभे राहायला शिकण्याआधी पडायला शिका. बोर्डापासून दूर, बाजूला, अंग पसरून पडायचे. डोके खाली करून सूर मारायचा नाही, कारण खाली किती पाणी आहे ते माहीत नसते. खडकांत काळे काटेरी समुद्री साळू असतात, म्हणून पायांत पाण्यातले बूट हवेत. पडल्यावर आधी बोर्ड पकडा, मग वल्हे. पुन्हा चढताना बोर्डाच्या मधोमध जी मूठ असते ती धरा, पाय मागे पसरून जोरात मारा आणि मासा काठावर सरकावा तसे पोटावर सरका. हे काठाजवळ दहा वेळा, दमल्यावर आणखी दोनदा करून पाहा. ज्याला परत चढता येत नाही, त्याने खोल पाण्यात जाऊ नये.

आता उभे राहणे. आधी गुडघ्यांवर बसून वल्हवा. मग मुठीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उठा, गुडघे किंचित वाकलेले आणि नजर समोर क्षितिजावर. पायांकडे पाहिले की तोल गेलाच. वल्हे आपल्या उंचीपेक्षा साधारण वीतभर लांब असावे. एक हात वरच्या मुठीवर. पात्याचा बाक पुढे, बोर्डाच्या नाकाकडे असतो; नवशिके हमखास उलटे धरतात. पाते पायांच्या पुढे पूर्ण बुडवा, घोट्यापाशी आले की बाहेर काढा. ओढायचे ते दंडाने नव्हे, कंबरेने. तीन-चार हात मारले की बाजू बदला. वळायचे असेल तर नाकापासून शेपटीपर्यंत मोठा अर्धगोल काढा. वारा वाढला तर लगेच गुडघ्यांवर या. तेही जमेना तर पालथे झोपा, वल्हे छातीखाली घ्या आणि हातांनी पाणी मारा. यात कमीपणा काही नाही.

दोरी आणि जॅकेट

बोर्डाला पायाशी जोडणारी दोरी, म्हणजे लीश, ही शोभेची वस्तू नव्हे. पडल्यावर वारा बोर्ड इतक्या वेगाने नेतो, की चांगला पोहणाराही गाठू शकत नाही. बोर्ड हीच तुमची होडी, आणि ती कधीच सोडायची नाही. “पोहत किनारा गाठतो,” हा विचार मनात आला तरी बोर्डाला धरून राहा. पाण्यातले एकटे डोके लांबून दिसत नाही, बोर्ड दिसतो.

जॅकेटच्या पट्टीवर आकडा लिहिलेला असतो. 50 न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी. न येणाऱ्याला 100 न्यूटनचे. आपल्या मंडळींत पोहता न येणारे, विशेषतः आई-काकूंच्या पिढीतले, पुष्कळ आहेत. त्यांनी लाजू नये. मात्र ओढणी, सलवार, जीन्स नको. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि लेगिंग्ज घाला. उन्हापासून रक्षण होते आणि इथल्या सार्वजनिक किनाऱ्यावरची मर्यादाही राखली जाते.

मुलांबाबत एक सांगणे. दंडावरचे फुगे आणि हवेचे हंस ही खेळणी आहेत. मतलई वाऱ्यात ती पहिली बाहेर जातात. आणि बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही, ते गप्प होते. म्हणून दर वेळी एका मोठ्या माणसाने फक्त पाहण्याचे काम घ्यावे. मोबाईल नाही, पत्ते नाहीत. अर्ध्या तासाने दुसऱ्याची पाळी.

ऊन, पाऊस आणि मदत

जून ते ऑगस्टमध्ये ओमानात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्याने मनाई आहे. मजुरांसाठी जे ऊन धोक्याचे, ते हौशी माणसाला चालेल कसे? उन्हाळ्यात जायचेच तर सूर्योदयाला उतरून आठच्या आत बाहेर. पाण्याची बाटली बोर्डावर बांधलेली हवी.

खरीफमध्ये सलालाहच्या समुद्राकडे बोर्ड नेऊच नये. 2022 च्या जुलैत मुघसैलच्या खडकांवरून लाटेने भारतीय पर्यटकांना ओढून नेले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. ते तर जमिनीवर उभे होते. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात न लावण्याची आपल्या कोळ्यांची शिस्त उगाच नाही.

निघताना घरी सांगा: कुठे चाललो, किती वाजता परतणार. एकटे जाऊ नका. मोबाईल जलरोधक पिशवीत गळ्यात ठेवा, जॅकेटला शिट्टी बांधा. अडचणीत तीन शिट्ट्या फुंका आणि वल्हे डोक्यावर आडवे-उभे हलवा. काठावरच्यांनी मागे पोहत जाऊ नये, 9999 वर फोन करावा. पोलीस आणि तटरक्षक त्याच क्रमांकावर मिळतात.

एवढे पाळले की मग मात्र मजा लुटा. सकाळच्या कोवळ्या उन्हात बंदर खैरानच्या निळ्या पाण्यावर उभे राहावे, खाली एखादे कासव दिसावे, आणि काठावर चहाचा थर्मास वाट पाहत असावा. येत्या शुक्रवारी निघणार असाल, तर आज रात्री मुलांना खारे आणि मतलई वारे समजावून सांगा. त्यांच्या परीक्षेत प्रश्न येईलच, आणि वारा तर रोजच येतो.