इंजिन खोलण्याआधी

‘गिअरबॉक्स गेलाय, इंजिन खोलावं लागेल’ हे वाक्य कानावर पडलं की दुचाकीवाल्याचं लक्ष आधी खिशाकडे जातं आणि मग मेकॅनिकच्या चेहऱ्याकडे. हा खरं सांगतोय की आपल्याला बनवतोय, याचं उत्तर तो त्या चेहऱ्यावर शोधतो. ते तिथे सापडत नाही. लबाड माणूस दिसायला वेगळा नसतो, आणि मेकॅनिक अगदी सज्जन असूनही त्याचं निदान चुकलेलं असू शकतं, ही शक्यता तर आपण धरतच नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा व्यवहारांवर एक निबंध लिहिला. काही वस्तू घेण्याआधी पारखता येतात, काही वापरल्यावर कळतात. पण काही सेवा अशा असतात की पैसे देऊन, काम होऊन गेल्यावरही ती खरोखर लागत होती का, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. काढून टाकलेलं अपेंडिक्स हे त्यांचं उदाहरण. दुरुस्तीची कामंही त्याच जातीची. जो बिघाड शोधतो तोच तो दुरुस्त करण्याचे पैसे घेतो, आणि गाडी नीट चालू लागली एवढ्यावरून त्याचं निदान बरोबर होतं असं सिद्ध होत नाही. गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र ही कोंडी बरीचशी फोडता येते. बिघाड शोधण्याचा क्रम इथे यंत्राच्या रचनेनेच ठरवून दिला आहे: बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे. मेकॅनिक तो क्रम पाळतो की नाही, हे गिअरचा एक दातही न ओळखणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या बघता येतं. भरवशाची कसोटी तिथे लावावी. ओळखपाळख, दुकानाची पाटी, गोड बोलणं हे त्यानंतर.

हा क्रम इतका महत्त्वाचा का, ते समजायला थोडं आत डोकवायला हवं. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असतात. आत दोन शाफ्टवर गिअरच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचे दात कायम एकमेकांत बसलेले असतात. म्हणजे आपण पायाने गिअर टाकतो तेव्हा दात दातात जातात, हा समज बरोबर नाही. पायाच्या हालचालीने खाचा पाडलेला एक ड्रम थोडासा फिरतो, त्या खाचेतून सरकणारा फोर्क एका गिअरला शाफ्टवर बाजूला ढकलतो आणि त्या गिअरच्या अंगावरचे जाड खुंट शेजारच्या गिअरच्या खोबणीत जाऊन अडकतात. या खुंटांच्या कडा झिजून गोलसर झाल्या, किंवा फोर्क वाकला, की जोर पडताच गिअर सटकतो. हा खरा गिअरबॉक्सचा बिघाड. पण तिथवर पोचायचं तर बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन चेसिसमधून उतरवावं लागतं, हेड आणि ब्लॉक काढावा लागतो, क्लच आणि मॅग्नेट सोडवावं लागतं आणि मगच कवचाची दोन शकलं वेगळी होतात. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा गिअरबॉक्स वेगळ्या डब्यात असे आणि इंजिनाला धक्का न लावता तो उघडता येई. २०१० च्या सुमारास एकसंध इंजिन आलं आणि ती सोय गेली. आता फोर्क एकच बदलायचा असला तरी मजुरी सगळ्या इंजिनाची पडते. चुकून उघडलेल्या इंजिनाची मजुरीही तेवढीच होते, हे इथे ध्यानात ठेवायचं.

आता लोक ज्यांना ‘गिअरचा प्रॉब्लेम’ म्हणतात त्या तक्रारी बघू. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, सगळेच गिअर जड पडतात, पहिला टाकताना गाडी हिसका मारते: यात पहिला संशयित क्लचची केबल. क्लचच्या लीव्हरला टोकाशी साधारण दहा ते वीस मिलिमीटर मोकळी हालचाल असावी लागते. ती वाढली तर लीव्हर पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही आणि इंजिनाचा जोर असतानाच गिअर बदलावा लागतो. उलट ही हालचाल अजिबात नसली तर क्लच कायम किंचित दाबलेला राहतो आणि घसरतो. केबलचा नट फिरवणं हे पाच मिनिटांचं काम. घाटात इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी मात्र त्या मानाने सरकत नाही, अशी तक्रार असली तर दोष बहुधा क्लच प्लेटचा. शहराच्या गर्दीत तासन्‌तास हाफ क्लचवर गाडी चालवणारे आणि मागे दुधाचे कॅन बांधून चढ चढणारे या प्लेटा लवकर संपवतात. त्या बाजूचं एक कव्हर काढून बदलता येतात, इंजिन जागेवरच राहतं. चेन ढिली असली, तिची एखादी कडी अडकून बसली असली किंवा मागच्या चाकातले रबर झिजले असले की गिअर बदलताना होणारा दणका थेट गिअरबॉक्समधून आल्यासारखा वाटतो. गिअर पडतो, इंजिन रेस होतं आणि गाडी जागची हलत नाही, हे तर सगळ्यात घाबरवणारं लक्षण. पण चेन उतरली असेल किंवा पुढच्या स्प्रॉकेटच्या आतले दाते घासून तो शाफ्टवर नुसताच फिरत असेल, तरी नेमकं असंच होतं. गाडी पडल्यावर गिअरचा पेडल वाकून कवचाला टेकणं, पेडलचा बोल्ट ढिला होणं, हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत. गिअर टाकल्यावर पेडल परत जागेवर येत नसेल तर त्याची स्प्रिंग तुटली असण्याचा संभव असतो, आणि ती अनेक मॉडेलमध्ये क्लचच्या कव्हरमागेच सापडते. एवढी सगळी कारणं काढून टाकल्यावर जे उरतं ते आतलं: जोर पडल्यावर एकच ठरावीक गिअर पुन्हा पुन्हा सुटतो, एकाच गिअरमध्ये घरघर येते, ऑइलमध्ये धातूचे तुकडे निघतात.

ऑइलचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण तिथे निदानही होतं आणि फसगतही. या गाड्यांमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघंही एकाच ऑइलमध्ये काम करतात. म्हणून मोटरसायकलच्या ऑइलला मोटारीच्या ऑइलपेक्षा वेगळी परीक्षा द्यावी लागते. जपानी वाहन उद्योगाने १९९८ मध्ये त्यासाठी जासो नावाने मानकं ठरवली. डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ असेल तर ते ओल्या क्लचसाठी योग्य. ‘एमबी’ हे ज्या स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो त्यांच्यासाठी. मोटारीच्या काही ऑइलमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं असतात. तीच क्लच प्लेटांना घसरवतात, आणि मग धडधाकट गाडी ‘गिअर धरत नाही’ म्हणून गॅरेजमध्ये येते. म्हणून लक्षणं नेमकी ऑइल बदलल्यानंतर सुरू झाली का, हा प्रश्न विचारणारा मेकॅनिक आपलं काम जाणतो. खालचा बोल्ट काढून जुनं ऑइल स्वच्छ भांड्यात गाळून घेणं हा इंजिन उघडण्याआधीचा सगळ्यात बोलका तपास आहे. करड्या रंगाची बारीक भुकटी ही नेहमीची झीज. नखाला जाणवेल असा तुकडा निघाला तर मात्र आत काहीतरी तुटलंय, आणि मग इंजिन खोलण्याच्या सल्ल्यावर शंका घेण्यात अर्थ नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ज्याचा हात वीस वर्षं इंजिनात गेलाय त्याला आवाजावरून कळतं. त्याला केबलपासून सुरुवात करायला लावणं हा त्याच्या अनुभवाचा अपमान नव्हे का? अनुभवी कान मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण हिशेब असा: बाहेरच्या गोष्टी आधी तपासल्या आणि दोष आत निघाला, तर वाया गेला फार तर अर्धा तास. आधी इंजिन खोललं आणि दोष केबलमध्ये निघाला, तर वाया गेली सगळी मजुरी, नवी पॅकिंगं, ऑइल सील आणि कंपनीने बसवलेलं एक चांगलं इंजिन. दोन्हीकडच्या चुकांची किंमत इतकी असमान असेल तर क्रम पाळण्यात उस्तादाचंही काही जात नाही. खरे जाणकार तो न सांगता पाळतात. गाडी हातात घेतल्यावर ते आधी विचारतात: कोणत्या गिअरला, थंड असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर? मग स्वतः एक चक्कर मारून येतात. गिऱ्हाइकाला तांत्रिक ज्ञान नाही, हा दुसरा आक्षेप इथेच मावळतो. त्याने निदान करायचं नाही, लक्षण नीट सांगायचं आहे. ‘गिअरबॉक्स बघा’ असं म्हणणारा मेकॅनिकच्या हाती निकाल लिहूनच देतो. ‘दुसरा गिअर चढावर सुटतो, बाकीचे ठीक’ म्हणणारा तपासाला दिशा देतो.

इंजिन खोलावंच लागलं तर खरी कसरत पुढे आहे. उघडल्यावर खर्चाचा अंदाज बदलतो, आणि तो बदलणं ही लबाडीच असते असं नाही. खुंट झिजले असतील तर तो गिअर आणि ज्याच्या खोबणीत ते बसतात तो, दोन्ही बदलावे लागतात. एकच नवा टाकून भागवणारा मेकॅनिक स्वस्त वाटतो, पण बिघाड अर्धा आत ठेवून देतो. झिजलेल्या कडा ग्राइंडरवर घासून चौकोनी करून देणं हे त्याहून वाईट, कारण या गिअरचा कठीण केलेला थर वरच्यावर असतो आणि घासताना तोच जातो. कवच पुन्हा बंद करताना पॅकिंग आणि सील नवे लागणार, हेही उघड आहे. हाताने फिरवून खरखर जाणवणारं बेअरिंग त्याच वेळी बदलणं शहाणपणाचं, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा. पण ‘आता खोललंच आहे तर’ या शब्दांच्या आधाराने पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन असं सगळंच यादीत शिरू लागतं, तेव्हा प्रत्येक वस्तूची झीज दाखवा म्हणायला संकोचू नये. काम थांबवून फोन करणारा, सुट्या भागांचा फोटो पाठवणारा आणि होकार मिळेपर्यंत पुढे न जाणारा मेकॅनिक आपला वेळ खर्च करत असतो. त्या वेळाचे पैसे त्याला द्यायला हवेत. काढलेले भाग परत मागावेत. नव्या भागाच्या पाकिटावर पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेली असते, ती पाकिटंही मागावीत. पुण्यातल्या नाना पेठेसारख्या बाजारात तोच पार्ट ओरिजिनल आणि लोकल अशा दोन्ही रूपांत मिळतो. बाहेरच्या कव्हरच्या स्क्रूला लोकल चालेल, गिअर आणि फोर्कला चालू नये.

मग थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच का जाऊ नये? वॉरंटी शिल्लक असेल तर तिथेच जावं, याबद्दल दुमत नाही. तिथे जॉब कार्ड लिहिलं जातं, पार्टचं बिल मिळतं, खास अवजारं असतात. पण गाडी ज्याच्या हाती जाते त्याच्याशी आपलं बोलणं होत नाही. मधला सल्लागार लक्षण ऐकतो, ‘गिअर प्रॉब्लेम’ एवढंच लिहितो आणि तपासाची दिशा तिथेच हरवते. वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीसाठी कोपऱ्यावरचं गॅरेज अनेकदा उजवं ठरतं, कारण तिथे समोर उभं राहता येतं. ‘आपलाच माणूस आहे, त्याला काय विचारायचं’ हा आणखी एक आपल्याकडचा संकोच. पण जुने पार्ट दाखवायला ज्याला अपमान वाटतो, त्याच्याशी असलेली ओळख नेमकी कोणाच्या उपयोगाची, हा प्रश्न उरतोच.

बिलाबाबत बरीच धूळफेक चालते. ‘बिल हवं तर जीएसटी लागेल’ हे सर्रास ऐकू येतं. सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला जीएसटी नोंदणी लागत नाही. तो कर न लावता साधी पावती देऊ शकतो. नोंदणी असेल तर कर बिल न देऊनही चुकत नाही. बिल नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. मेकॅनिकच्या बाजूनेही कायदा आहे: भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत तो गाडी स्वतःकडे ठेवू शकतो. म्हणूनच दर आणि काम आधी कागदावर, निदान व्हॉट्सॲपवर, लिहून घेणं दोघांच्याही सोयीचं. भांडण गाडी अडकल्यावर सुरू झालं की तोंडी बोलण्याला फारसा आधार राहत नाही.

गाडी ताब्यात घेताना ती सपाट गल्लीत फिरवून समाधान मानू नये. जो गिअर सुटत होता त्याच गिअरमध्ये, मागे माणूस बसवून, चढावर न्यावी. शक्य तर मेकॅनिकलाच सोबत घ्यावं. पहिले काहीशे किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा गाळून बघितलं की उरलीसुरली भुकटी निघून जाते आणि काही नवं तुटतंय का तेही कळतं. ही तपासणी मेकॅनिक स्वतःहून सुचवतो का, याकडे लक्ष असू द्यावं. आणि केबल, चेन, ऑइल, क्लच हे सगळं पाहून झाल्यावर जो म्हणतो, ‘आतलं काम आहे, ते मी करत नाही, इंजिनवाल्याकडे न्या’, त्याला तपासाचे पैसे देऊन त्याचा नंबर जपून ठेवावा.