मूल वर्गात घाबरते, चिडते? शाळेकडे कोणती मदत मागता येते

घंटा वाजली की तुमचे मूल कान झाकते का? गोंगाट वाढला की वर्गाबाहेर पळते किंवा एकदम गप्प होते का? शाळा त्याला ‘हट्टी’ म्हणत असेल, तर शाळा सोडवण्याआधी ही माहिती वाचा.

मुलाच्या शरीरात काय घडते?
स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना आवाज, उजेड व गर्दी फार तीव्रतेने जाणवते. त्यांची मज्जासंस्था याला धोका समजते. छातीत धडधडते, मूल पळते, प्रतिकार करते किंवा थिजते. अशा वेळी त्याला ऐकणे, लिहिणे, उत्तर देणे कठीण जाते. ओरडल्याने भीती आणखी वाढते. आधी मूल शांत व्हावे लागते, मगच ते शिकू शकते.

शिक्षकांना काय सांगावे?
• मुलाची जागा घंटा व दरवाजापासून दूर असावी.
• दिवसाचे वेळापत्रक चित्रांतून दाखवावे. बदल आधी सांगावा.
• एका वेळी एकच सूचना द्यावी, उत्तरासाठी थांबावे.
• त्रास झाल्यास थोडा वेळ शांत जागी बसू द्यावे. ही शिक्षा नसावी.
या गोष्टींसाठी शाळेला फारसा खर्च येत नाही.

तुमचे हक्क कोणते?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात. शासन अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा व गरजेनुसार सोयी पुरवाव्यात, असे कायदा सांगतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

पुढे काय करावे?
१. मुलाच्या अडचणी लिहून मुख्याध्यापकांना अर्ज द्या; पोच घ्या.
२. ‘प्रशस्त’ ॲपवरून प्राथमिक चाचणी करण्याची विनंती करा. हे निदान नव्हे. निदान डॉक्टरच करतात.
३. प्रमाणपत्र व युडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा.
४. शाळेने प्रवेश नाकारल्यास जिल्हा शिक्षण कार्यालयातील नोडल अधिकाऱ्यांना भेटा. तरीही दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. अर्जाची पोच सोबत जोडा.